सभासद झाल्यावर प्रीमियम वाढवता येतो का? आमच्या घरी आलेल्या पत्राची गोष्ट

जानेवारी २०२३. आम्ही मिनेसोटात राहतो, सेंट पॉलच्या जवळच, आणि त्या आठवड्यात बर्फ एवढं पडलं होतं की पत्रपेटीपर्यंत जायला आधी फावड्याने वाट करावी लागत होती. आमचे हे वाट करून टपाल घेऊन आले, त्यात आमच्या सोसायटीची, म्हणजे आमचा विमा आहे त्या संस्थेची, दोन जाड पाकिटं, एक माझ्या नावाचं आणि एक यांच्या नावाचं. मला वाटलं दरवर्षीसारखं स्टेटमेंट असेल म्हणून मी ती टेबलावर ठेवून दिली आणि भाजी चिरायला घेतली. यांनी त्यांचं पाकीट फोडलं आणि नुसतं एवढंच म्हणाले, अगं, हे बघ जरा.

लाँग टर्म केअरचा, म्हणजे म्हातारपणी रोजच्या देखभालीचा खर्च देणाऱ्या विम्याचा, प्रीमियम ६२ टक्क्यांनी वाढणार, मार्चपासून. माझा वर्षाचा १,९१२ डॉलर होता तो ३,०९७ होणार, यांचा २,१०० चा ३,४०३. म्हणजे दोघांचे मिळून वर्षाला चार हजार भरत होतो ते साडेसहा हजार भरायचे, आणि आम्ही दोघं रिटायर्ड.

मी हे सगळं सविस्तर लिहितेय कारण नंतरच्या पाच-सहा महिन्यांत मला फोनवर, चर्चमध्ये, आपल्या मराठी मंडळातल्या ओळखीच्यांकडून एकच प्रश्न इतक्या वेळा आला की अहो पण एकदा सभासद झाल्यावर, एकदा सही झाल्यावर, असा प्रीमियम वाढवता येतो का? मी पण हाच प्रश्न घेऊन सुरुवात केली होती आणि तेव्हा मला खात्री होती की उत्तर नाही असंच असणार.

थोडं आमच्याबद्दल. मी मूळची मिरजेची, नर्सिंगचं शिक्षण पण मिरजेलाच मिशन हॉस्पिटलमध्ये झालं, १९७९ साली इकडे आले आणि पुढची जवळजवळ पस्तीस वर्षं नर्स म्हणून काम केलं, त्यातली शेवटची बारा नर्सिंग होममध्ये. आम्ही ख्रिस्ती, त्यामुळे इथे आल्यावर चर्चमध्ये ओळखी झाल्या आणि त्या ओळखीतूनच या सोसायटीत आलो. सोसायटीचं नाव मी लिहिणार नाही, कारण मला तिच्याविरुद्ध मोहीम काढायची नाहीये आणि जे घडलं ते अशा बऱ्याच सोसायट्यांमध्ये आणि साध्या इन्शुरन्स कंपन्यांमध्ये पण घडलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत फ्रॅटर्नल बेनिफिट सोसायटी म्हणून एक प्रकार असतो. इन्शुरन्स कंपनीच, पण शेअरहोल्डर नाहीत, मालक म्हणजे सभासद, आणि सभासदांमध्ये काहीतरी समान धागा लागतो, एक धर्म किंवा एक देशातून आलेले लोक किंवा एक व्यवसाय. गावोगाव त्यांच्या शाखा असतात, त्यांना लॉज म्हणतात, कुठे चॅप्टर म्हणतात, तिथे मीटिंग व्हायच्या, सभासद प्रतिनिधी निवडायचे, आणि जो नफा राहील तो मदतकार्यात जायचा, म्हणून सरकार त्यांना इन्कम टॅक्सची सूट देतं. कॅथलिक लोकांची नाइट्स ऑफ कोलंबस ही त्यातलीच, १८८२ सालची. पॉलिसीला इथे पॉलिसी म्हणत नाहीत, सर्टिफिकेट म्हणतात. मला हा सगळा प्रकार पहिल्यापासून फार आपला वाटला, कारण मिरजेला हॉस्पिटलमध्ये आमच्याकडे पण असंच होतं, स्टाफमधलं कुणी गेलं की सगळ्यांच्या पगारातून ठरावीक रक्कम कापायची आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोघीतिघींनी जाऊन ती घरच्यांच्या हातात द्यायची. मी स्वतः दोनदा गेलेय तशी पैसे घेऊन. त्यामुळे चर्चमधल्या ओळखीच्या एजंट बाईंनी १९९६ ला जेव्हा मला सोसायटीबद्दल सांगितलं तेव्हा मी फार विचार न करता ५०,००० डॉलरचा आयुष्याचा विमा घेतला, आणि मग २००५ ला दोघांसाठी हे लाँग टर्म केअरचं.

हे दुसरं कशासाठी ते सांगते. म्हातारपणी आंघोळ, कपडे घालणं, खाणं, टॉयलेटला जाणं, पलंगावरून उठणं-बसणं, लघवी-संडासवरचा ताबा, या सहापैकी दोन गोष्टी स्वतःच्या स्वतः जमेनाशा झाल्या किंवा विसरण्याचा आजार झाला की घरी येणाऱ्या बाईचा किंवा नर्सिंग होमचा रोजचा खर्च यातून मिळतो. मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, हा खर्च देत नाही, हे आपल्या कितीतरी लोकांना ती वेळ आली की कळतं. मी नर्सिंग होममध्ये काम केलेलं, घरं विकावी लागलेली माणसं डोळ्यांनी पाहिलेली, त्यामुळे हे घ्यायचंच हा माझा हट्ट होता. तेव्हा मी ५४ ची, हे ५६ चे. दिवसाला १३० डॉलर, पाच वर्षांपर्यंत, आणि ती रक्कम दरवर्षी ५ टक्के चक्रवाढीने वाढणार. माझा प्रीमियम १,६२० आणि यांचा १,७८०.

२०१५ ला एकदा १८ टक्के वाढला होता. तेव्हा दोघं नोकरीत होतो, कुरकुर केली आणि भरला. तेव्हाच नीट वाचायला हवं होतं.

तर पत्र आलं त्या रात्री मी फाइल काढली. निळी अकॉर्डियन फाइल, त्यात २००५ चं सर्टिफिकेट, बायलॉजची (सोसायटीच्या नियमांची) छोटी पुस्तिका, आणि एजंट बाईंनी दिलेलं घडीचं ब्रोशर. त्या ब्रोशरच्या कडेला माझ्याच अक्षरात पेन्सिलने मराठीत लिहिलेलं होतं, "वय वाढलं तरी हप्ता तोच." ते बघून मला इतका संताप आला. यांना दाखवलं, म्हटलं हे बघा, त्यांनी सांगितल्याशिवाय मी असं लिहीन का? आम्हाला फसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजल्यापासून सोसायटीच्या मुख्य ऑफिसला फोन. चाळीस मिनिटं होल्डवर. फोनवर आलेली मुलगी नम्र होती, तिने माझा सगळा राग ऐकून घेतला आणि मग म्हणाली की मॅडम, सर्टिफिकेटचं पहिलंच पान काढा, वरती एक चौकट आहे ती वाचा. चौकटीत लिहिलेलं होतं की हे सर्टिफिकेट गॅरंटीड रिन्यूएबल आहे, म्हणजे तुम्ही प्रीमियम भरत राहाल तोवर सोसायटी ते बंद करू शकत नाही आणि त्यातले फायदे स्वतःहून बदलू शकत नाही, पण प्रीमियम मात्र वाढवू शकते, फक्त एकट्या-दुकट्याचा नाही, या राज्यात हेच सर्टिफिकेट घेतलेल्या सगळ्या वर्गाचा एकदम. तुमचं वय वाढलं किंवा तुम्ही आजारी पडलात म्हणून तुमचा वाढणार नाही. १८ वर्षं ते पान माझ्या घरात होतं.

म्हणजे एजंट बाई खोटं बोलल्या नव्हत्या. वय वाढलं म्हणून हप्ता वाढणार नाही हे खरंच होतं, पण सगळ्यांचा मिळून वाढू शकतो हा वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी सांगितला की नाही मला आठवत नाही, सांगितला असेल तर मी लिहून घेतला नाही. त्या बाई आता नाहीत. मला त्यांच्याबद्दल काही वाईट बोलायचं नाही.

याच्या वरच्या दर्जाचा एक प्रकार असतो, नॉन-कॅन्सलेबल, त्यात प्रीमियम पण गोठवलेला असतो, पण लाँग टर्म केअरमध्ये तो फारच क्वचित मिळायचा. गॅरंटीड हा शब्द बघून आपण समजतो दर गॅरंटीड, आणि गॅरंटी असते फक्त चालू ठेवण्याची. तुमच्याकडे अशी पॉलिसी असेल तर आजच्या आज पहिलं पान काढून ती चौकट वाचा, एवढं तरी माझं ऐका.

मग मला दुसरी भीती वाटायला लागली. हे वाढलं, मग उद्या माझा १९९६ चा आयुष्याचा विमा पण वाढवतील का? त्याचे महिन्याला ४७ डॉलर जातात, पहिल्या दिवसापासून तेवढेच. त्याच मुलीला विचारलं, ती म्हणाली नाही मॅडम, तो होल लाइफ, म्हणजे आयुष्यभर चालणारा विमा आहे, त्याचा प्रीमियम ठरलेला, तो वाढत नाही. माझं मन भरलं नाही, कारण आता कागद वाचायची सवय लागली होती, म्हणून तेही सर्टिफिकेट काढलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलं, भिंग घेऊन, दोन संध्याकाळी लागल्या. आणि सातव्या पानावर मेंटेनन्स ऑफ सॉल्व्हन्सी असं शीर्षक असलेला एक परिच्छेद सापडला.

त्याचा अर्थ मराठीत सांगायचा तर असा. सोसायटीने पुढच्या क्लेम्ससाठी राखून ठेवलेला पैसा, ज्याला रिझर्व म्हणतात, तो जर कमी पडायला लागला तर बोर्ड ठरवू शकतं की प्रत्येक सभासदाने त्या तुटीतला आपला योग्य वाटा भरावा. तुम्ही नाही भरला तर तो तुमच्या सर्टिफिकेटवर कर्ज म्हणून चढेल आणि त्यावर व्याज लागेल, किंवा तुम्ही त्या प्रमाणात फायदा कमी करून घ्यायचा. हे फक्त आमच्या सोसायटीचं नाही, आमच्या राज्याचा फ्रॅटर्नलचा कायदाच, म्हणजे कायद्याच्या पुस्तकातलं प्रकरण ६४बी, हे कलम घालायला लावतो, आणि बाकीच्या राज्यांत पण बहुतेक असंच आहे. म्हणजे त्या मुलीने सांगितलं तेही बरोबर, प्रीमियम वाढत नाही, पण प्रीमियमच्या बाहेर वेगळी वर्गणी मागण्याचा अधिकार आहे. साध्या इन्शुरन्स कंपनीला असं मागता येत नाही. आणि साधी कंपनी बुडाली तर राज्याचा गॅरंटी फंड काही मर्यादेपर्यंत पैसे देतो, फ्रॅटर्नल सोसायट्या बहुतेक राज्यांत त्या फंडात नसतात. सभासद हेच मालक, तर बुडण्याची जबाबदारी पण सभासदांचीच, असा तो हिशोब आहे.

पुन्हा फोन केला, विचारलं की आपल्या सोसायटीने हे कलम कधी वापरलंय का, तर उत्तर आलं की आजपर्यंत नाही. ते मी लेखी मागितलं आणि त्यांनी पाठवलं.

या सगळ्यात माझा राग हळूहळू कमी होत गेला आणि त्याच्या जागी असं वाटायला लागलं की हे असं का आहे ते समजून घ्यायला हवं. घरी बसूनच होते, बाहेर उणे वीस, लायब्ररीतून पुस्तकं आणली, तिथल्या बाईंनी जुने कोर्टाचे निकाल कसे शोधायचे ते शिकवलं. आणि जे वाचलं ते वाचून मला मिरजेची ती पगारातून कापलेली रक्कम परत परत आठवत होती.

१८६८ मध्ये पेनसिल्व्हेनियात मेडव्हिल नावाच्या गावात जॉन जॉर्डन अपचर्च या रेल्वेत काम करणाऱ्या मेकॅनिकने एन्शंट ऑर्डर ऑफ युनायटेड वर्कमेन नावाची संस्था काढली, आणि तिथून इथल्या फ्रॅटर्नल विम्याची खरी सुरुवात झाली. पद्धत काय, तर सभासद गेला की बाकीच्या प्रत्येकाने एक डॉलर द्यायचा. २२ वर्षांच्या पोराने पण एक आणि साठीच्या माणसाने पण एकच. पुढे कुणी किती द्यायचं याचा हिशोब नाही, शिल्लक नाही, रिझर्व नाही. सुरुवातीला सगळे तरुण असल्यामुळे फार छान चाललं, वर्षाला थोडेच मृत्यू, स्वस्तात विमा, आणि याच नमुन्यावर शेकडो संस्था निघाल्या. पण तेच सभासद म्हातारे झाले, मृत्यू वाढले, डॉलर गोळा करण्याचे बोलावणे वारंवार यायला लागले, मग तरुण म्हणायचे की आम्ही म्हाताऱ्यांसाठी एवढे का भरायचे, आपण नवीन संस्थेत जाऊ, आणि ते गेले की मागे राहिलेल्यांवर आणखी भार. कितीतरी संस्था अशा बसल्या. ज्या टिकल्या त्यांनी वयाप्रमाणे दर लावले, १८९८ मध्ये नॅशनल फ्रॅटर्नल काँग्रेसने, म्हणजे अशा संस्थांच्या संघाने, कोणत्या वयात किती माणसं जातात त्याचं कोष्टक तयार केलं, आणि जुन्या सभासदांना सांगावं लागलं की तुमचा दर वाढतोय.

आणि मग लोक कोर्टात गेले. माझाच प्रश्न घेऊन, शंभर वर्षांपूर्वी! न्यूयॉर्कच्या कोर्टांनी सभासदांच्या बाजूने निकाल दिले, की ठरलेला दर म्हणजे करार, नुसते बायलॉज बदलून तो वाढवता येणार नाही. मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टाने १९०६ मध्ये बरोबर उलट सांगितलं, की सभासद होताना तू पुढे होणारे बायलॉज पण मान्य केलेस. शेवटी रॉयल आर्केनम नावाच्या, मॅसॅच्युसेट्समध्ये नोंदलेल्या संस्थेचा एक न्यूयॉर्कचा सभासद, ग्रीन, त्याची केस सुप्रीम कोर्टात गेली. तो न्यूयॉर्कमध्ये जिंकला होता. १९१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला, चीफ जस्टिस व्हाइट यांनी लिहिलं तो निकाल, की संस्था ज्या राज्यात नोंदलेली आहे तिथला कायदा सगळ्या सभासदांना सारखाच लागणार, तुम्ही कुठेही राहा, नाहीतर एका राज्यातल्या सभासदाचा दर कमी आणि दुसऱ्या राज्यातल्याचा जास्त असं होईल आणि एकाच फंडातून सगळ्यांना द्यायचंय ते जमणारच नाही.

हे वाचल्यावर मी बराच वेळ खुर्चीतच बसून राहिले. कारण मला त्या ग्रीनचंही पटत होतं आणि कोर्टाचंही. वर्षानुवर्षं ठरलेला दर इमानाने भरला, उतारवयात नोकरी नाही आणि तेव्हा सांगतात आता जास्त भर, यात अन्याय नाही असं मला कुणी सांगू नये. पण फंडात पैसाच नसेल तर त्याच्या विधवेला कोण देणार? मिरजेला आम्ही पाकीट नेऊन द्यायचो ते पैसे आकाशातून येत नव्हते, जिवंत असलेल्यांच्या पगारातून येत होते.

मात्र एक गोष्ट आता कायद्यात आहे जी त्या काळच्या लोकांना नव्हती. आजच्या फ्रॅटर्नल कायद्यात लिहिलंय की सभासद झाल्यानंतर केलेले बायलॉज तुम्हाला लागू होतात, पण सर्टिफिकेट देताना जे फायदे देण्याचा करार झाला ते अशा बदलाने नष्ट किंवा कमी करता येत नाहीत. म्हणजे दरवाजा दोन्ही बाजूंनी उघडा नाहीये.

इतिहास वाचून झाला, पण मार्च जवळ येत होता. आमच्या राज्याच्या कॉमर्स डिपार्टमेंटला फोन केला, कारण लाँग टर्म केअरचे दर वाढवायचे तर त्यांच्याकडे अर्ज करावा लागतो. तिथल्या अधिकाऱ्याने अर्धा तास दिला मला. त्याने सांगितलं की अर्ज बघता येतो, कुठे बघायचा ते सांगितलं, आणि मी तो बघितला. पहिल्यांदा मागितलेली वाढ ६२ पेक्षा जास्त होती. कारणं जी दिली होती ती मला नर्स म्हणून लगेच पटली. ही सर्टिफिकेटं विकली तेव्हा धरलेलं की बरेच लोक मध्येच सोडून देतील, पण लोकांनी सोडलीच नाहीत, माणसं जास्त जगताहेत, डिमेन्शियाचे क्लेम वर्षानुवर्षं चालतात, आणि २००८ नंतर व्याजदर पडले त्यामुळे गुंतवलेल्या पैशावर जेवढं मिळेल असं धरलं होतं तेवढं मिळालं नाही. आणि एक नियम त्याने समजावला की वाढवलेल्या भागातला किमान ८५ टक्के पैसा क्लेम्ससाठी जाईल असं आकड्यांनी दाखवावं लागतं, उगाच वाढवून खर्चाला वापरता येत नाही.

त्यानेच मला विचारलं, घेतलं तेव्हा तुमचं वय काय होतं? मी म्हटलं ५४, आणि मिस्टरांचं ५६. म्हणाला मग पत्राचं शेवटचं पान नीट बघा, दोघांचं वेगवेगळं असेल.

आणि खरंच वेगळं होतं, मी माझंच वाचून यांचं तसंच असेल म्हणून सोडून दिलं होतं. नियम असा आहे की मूळ दरापासून आतापर्यंतची एकूण वाढ एका ठरलेल्या टक्क्याच्या वर गेली आणि तुम्हाला आता भरणं जमत नसेल, तर तुम्ही भरणं थांबवू शकता आणि तरीही आजवर भरलेल्या एकूण प्रीमियमएवढा विमा तुमच्या नावावर राहतो. तो टक्का वयाप्रमाणे उतरत जातो. घेताना ५० ते ५४ वय असेल तर ११० टक्के, ५५ ते ५९ ला ९०, साठाव्या वर्षी ७०, ६५ ला ५०, सत्तरीला ४०. आमची वाढ दोन वेळची मिळून, आधी १८ आणि त्यावर ६२, धरली तर ९१ टक्के. म्हणजे यांना तो हक्क मिळाला, तोही जेमतेम एका टक्क्याने, आणि मला नाही. मी दोन वर्षांनी लहान म्हणून. हे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा कुठे दोघांनाही पटलं.

यांचे आजवरचे भरलेले मोजले, दहा वर्षं १,७८० प्रमाणे आणि पुढची आठ २,१०० प्रमाणे, ३४,६०० च्या आसपास. आणि रोजची रक्कम आता १३० ची वाढत वाढत ३१३ झालेली. म्हणजे भरणं थांबवलं तर ३४,६०० भागिले ३१३, एकशे दहा दिवस. साडेतीन महिने. मी नर्सिंग होममध्ये माणसं चार-चार, सहा-सहा वर्षं बघितलेली आहेत, हे म्हणाले थांबवू या, मी म्हटलं नाही. यावरून आमच्यात दोन दिवस बोलणं बंद होतं हे पण सांगून टाकते.

शेवटी पत्रातला तिसरा पर्याय घेतला. आजपर्यंत वाढून झालेले ३१३ तसेच ठेवायचे, पाच वर्षांची मुदत तशीच, पण इथून पुढे दरवर्षीची वाढ ५ टक्क्यांऐवजी २ टक्के. त्यात प्रीमियम जुन्याच्या जवळपास राहिला, दोघांचा मिळून ४,१०० च्या आत. मला मुदत कमी करायची नव्हती आणि रोजची रक्कम पण नाही, वय बहात्तर असताना पुढच्या वीस वर्षांची वाढ सोडणं त्यातल्या त्यात परवडण्यासारखं वाटलं. दुसऱ्या कुणाला दुसरं योग्य वाटेल. पण फोनवर न विचारता कुणी हे सगळे आकडे समोर मांडत नाही, मला तीन वेळा सांगावं लागलं की प्रत्येक पर्यायाचा प्रीमियम आणि रोजची रक्कम कागदावर लिहून पाठवा, मगच मी सही करेन, आणि मग त्यांनी पाठवलं.

यानंतर मी आयुष्यात पहिल्यांदा आमच्या चॅप्टरच्या मीटिंगला गेले. २७ वर्षं सभासद आणि एकदाही नाही गेलेली. जूनच्या शेवटच्या आठवड्यात चर्चच्या तळघरात, कॉफी, बार्स (इथल्या गोड वड्या) आणि अकरा माणसं. अजेंड्यावर उन्हाळ्यातल्या मदतकार्याचं होतं. मी हात वर करून विचारलं की प्रतिनिधींची पुढची मोठी बैठक कधी, तर कळलं चार वर्षांतून एकदा असते आणि आपल्या भागातून उमेदवार मिळत नाही म्हणून गेली दोन वेळा तेच गृहस्थ जाताहेत. तिथे बायलॉज बदलतात, तिथे बोर्ड निवडतात. म्हणजे ज्या दिवशी आमच्याबद्दल ठरतं त्या खोलीत जाण्याचा हक्क आमच्याकडे होता आणि आम्ही कुणी गेलोच नाही. मी माझं नाव दिलं.

मीटिंग संपल्यावर एक ८४ वर्षांचे आजोबा माझ्याजवळ आले, काठी घेऊन, खिशातून तेच पत्र काढलं चार घड्या घातलेलं. तेही २००५ चेच. म्हणाले मी तीन-तीन महिन्यांनी भरतो, वाढीव एक हप्ता भरलाय, अजून एक भरणार, आणि मग सप्टेंबरपासून बंद, माझ्याच्याने नाही होत. मी विचारलं घेतलं तेव्हा वय किती, तर ६६. ६६ चा टक्का ४८, आणि वाढ ९१, म्हणजे त्यांना तो हक्क मिळालेलाच होता, पण तो हक्क वाढीव प्रीमियम लागू झाल्यापासून फक्त १२० दिवस असतो. त्या मुदतीत थांबवलं तर आजवर भरलेल्या सगळ्या पैशाएवढा विमा राहतो. सप्टेंबरमध्ये थांबवलं असतं तर काहीच राहिलं नसतं, १८ वर्षांचे पैसे गेले असते. वाढ लागली १५ मार्चला. मी तिथेच कॉफीच्या कपाखालच्या नॅपकिनवर दिवस मोजले, मार्चचे सोळा, एप्रिलचे तीस, मेचे एकतीस, जूनचे तीस, जुलैचे तेरा.

सोळा दिवस शिल्लक होते. तिथूनच त्यांच्या मुलीला ओरेगनला फोन लावला, स्पीकरवर टाकला, आणि तिला पत्राचं शेवटचं पान सावकाश, दोनदा वाचून दाखवलं.